दरीच्या कडेचा प्लॉट घेण्याआधी: ऑस्ट्रेलियात वणव्याचा धोका कसा जोखावा

मेलबर्नच्या पश्चिमेकडील उपनगरात अनेक वर्षे राहिल्यानंतर डँडेनाँग डोंगरात, एमराल्डच्या परिसरात, एक एकराच्या आसपासचा प्लॉट घेऊन घर बांधण्याच्या विचारात असलेल्या एका मराठी दांपत्याने माझ्याकडे काही प्रश्न पाठवले आहेत. प्लॉटची खोली सुमारे ९० मीटर आहे. पुढे रस्ता, मागे कुंपण आणि कुंपणाला लागूनच सरकारी जमिनीवरची झाडीने भरलेली दरी. घर मागच्या अंगाला, त्या झाडीपासून ३० मीटरवर बांधले तर दिवाणखान्यातून सगळी दरी दिसते. विक्री करणाऱ्या दलालाने 'ही जागा बॅल-२९ आहे, काळजीचे कारण नाही' असे सांगितले आहे. त्यांचे प्रश्न असे: वणव्याच्या धगीची पातळी सांगणाऱ्या या आकड्याचा अर्थ काय, पक्के विटांचे घर बांधले तर पुरे नाही का, आग उत्तरेकडून येते आणि दरी तर नैर्ऋत्येला आहे तेव्हा धोका कमीच ना, आणि विसार देण्याआधी आपण स्वतः काय पाहावे.

मी गेली १७ वर्षे व्हिक्टोरिया राज्यात घरबांधणीच्या जागांचे वणव्याच्या दृष्टीने मूल्यांकन करतो. त्या आधारावर पहिले उत्तर लगेच देतो, कारण ते तातडीचे आहे. आपण पाठवलेल्या समोच्च रेषांच्या नकाशावर कुंपणापलीकडची जमीन ३० मीटरच्या आडव्या अंतरात सुमारे साडेसहा मीटर खाली जाते, म्हणजे उतार १२ अंशांच्या जवळ आहे. अशा उतारावर उंच जंगल असेल, तर त्याच्यापासून ३० मीटरवरचे घर बॅल-२९ मध्ये बसत नाही, ते सर्वांत वरच्या, म्हणजे 'फ्लेम झोन' या पातळीत जाते. दलालाचा आकडा सपाट जमिनीचा आहे. त्याने तो जाणूनबुजून सांगितला असे मी म्हणत नाही, बहुधा कोणीतरी उपग्रहचित्रावर फक्त अंतर मोजले आणि उतार पाहिलाच नाही. उतार मोजलेला अहवाल हाती येईपर्यंत सही करू नये.

आता थोडे मुळापासून. घराला वणवा तीन रूपांनी भिडतो: उडत्या ठिणग्या, धग आणि प्रत्यक्ष ज्वाळा. लोकांच्या डोळ्यांसमोर तिसरे रूप असते, झाडांच्या शेंड्यांवरून धावत येणारा आगीचा लोळ. परंतु १९८३ च्या 'ॲश वेन्सडे'पासून जळालेल्या घरांची जी पाहणी येथील सीएसआयआरओ ही राष्ट्रीय संशोधन संस्था करत आली आहे, तिच्यातून पुन्हा पुन्हा हेच दिसले आहे की बहुतेक घरे ठिणग्यांनी पेटतात, आणि तेही कित्येकदा आघाडीची आग निघून गेल्यानंतर काही तासांनी. पन्हळीतला पाचोळा, डेकच्या फळ्यांमधली फट, छपराखालचे उघडे भोक, दारापुढचे काथ्याचे पायपुसणे, इतके एका ठिणगीला पुरते.

सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला वणवा नवा नसतो. फाल्गुन-चैत्रात डोंगरावर रात्री दिसणारी आगीची माळ, गवत जळून काळे पडलेले उतार, वनखात्याने आखलेल्या जाळरेषा हे सगळे आपण पाहिलेले असते, आणि म्हणूनच आपली लोकं इथल्या आगीला कमी लेखतात असा माझा अनुभव आहे. तिकडे पेटते ते प्रामुख्याने वाळलेले गवत आणि पानगळीचा पाचोळा. ज्वाळा बुटक्या असतात, गावाभोवती शेते असतात, जांभ्याच्या भिंती आणि शेणाने सारवलेले मोकळे अंगण यांच्यापर्यंत आग क्वचितच पोहोचते. इथे पेटते ते नीलगिरीचे जंगल. सर्दी झाल्यावर आपण ज्याची वाफ घेतो तेच तेल त्या पानांत भरलेले असते, आणि त्या झाडांची साल सुटी होऊन जळत जळत वाऱ्याबरोबर उडते. ७ फेब्रुवारी २००९ रोजी, ज्याला इथे 'ब्लॅक सॅटर्डे' म्हणतात त्या दिवशी, मेलबर्नचे तापमान ४६.४ अंशांवर गेले होते आणि मुख्य आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे नव्या आगी लागत होत्या. त्या आगींत १७३ माणसे गेली आणि दोन हजारांहून अधिक घरे नष्ट झाली. नंतरच्या अभ्यासात किंगलेक आणि मारिसव्हिल या दोन गावांतील नष्ट झालेल्या इमारतींपैकी सुमारे ९० टक्के जंगलापासून १०० मीटरच्या आत होत्या असे आढळले. हा १०० मीटरचा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी मोजणी त्याच्याभोवती फिरते.

विटांच्या घराबद्दल. इथल्या बहुतेक 'विटांच्या' घरांत वीट हा बाहेरचा एकपदरी थर असतो, आतला सांगाडा लाकडाचा असतो आणि छपराचाही. वीट जळत नाही हे खरे, परंतु आग विटेतून आत येत नाही. ती काच तडकल्यावर खिडकीतून येते, कौलांच्या सांध्यांतून माळ्यात येते, विटांच्या थरात हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या छिद्रांतून येते. म्हणूनच वणवाप्रवण भागातील बांधकामाचे ऑस्ट्रेलियन मानक, एएस ३९५९, कौलांखाली अखंड आवरण मागते आणि हवेच्या छिद्रांवर २ मिलिमीटरपेक्षा मोठे भोक नसलेली धातूची जाळी मागते. भिंत कशाची आहे यापेक्षा घराला फटी किती आहेत हा प्रश्न मोठा आहे, आणि तो नुसता पहिल्या दिवशीचा नाही: पंधरा वर्षांनी जाळी गंजलेली, कौल सरकलेले आणि दाराखालची पट्टी झिजलेली असते.

नकाशांचे काम घरबसल्या होते, म्हणून ते आधी उरकावे. व्हिक्टोरियात दोन वेगळे नकाशे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला 'बुशफायर प्रोन एरिया'चा. यात जागा येत असेल तर नवे घर किमान बॅल-१२.५ पातळीला बांधावेच लागते. दुसरा 'बुशफायर मॅनेजमेंट ओव्हरले', ज्याला सगळे बीएमओ म्हणतात. यात जागा येत असेल तर नुसता बांधकामाचा परवाना पुरत नाही, नियोजन-परवानाही लागतो, आणि अर्ज बहुतेक वेळा कंट्री फायर ऑथॉरिटी, म्हणजे सीएफए, या अग्निशमन संस्थेच्या अभिप्रायासाठी जातो. राज्य सरकारच्या विकप्लॅन या संकेतस्थळावर पत्ता घातला की दोन्ही गोष्टी विनामूल्य कळतात, आणि विक्रेत्याने द्यायच्या 'सेक्शन ३२' निवेदनातही जागा वणवाप्रवण भागात आहे का हे लिहावे लागते. न्यू साउथ वेल्समध्ये हीच माहिती स्थानिक परिषदेकडून मिळणाऱ्या १०.७ क्रमांकाच्या नियोजन-प्रमाणपत्रावर असते. नकाशा फक्त 'पुढे चौकशी करा' एवढेच सांगतो. नकाशाबाहेरची जागा सुरक्षित असा त्याचा अर्थ नाही.

आता तो आकडा. 'बुशफायर अटॅक लेव्हल', म्हणजे रोजच्या बोलण्यातला 'बॅल', हा भिंतीच्या एका चौरस मीटरवर किती किलोवॉट धग पडू शकते याचा अंदाज आहे. भर दुपारच्या कडक उन्हात ती धग साधारण १ किलोवॉट असते, १२.५ ला खिडकीची साधी काच तडकू शकते; पुढच्या पातळ्या १९, २९ आणि ४०, आणि ४० च्या वर किंवा जिथे ज्वाळा थेट घराला लागू शकतात तिथे फ्लेम झोन. हा आकडा काढायला चार गोष्टी लागतात: हवामानाचा गृहीत निर्देशांक, झाडोऱ्याचा प्रकार, घरापासून त्याचे अंतर आणि त्या झाडोऱ्याखालच्या जमिनीचा उतार. पहिली गोष्ट राज्य ठरवून देते, उंच पर्वतीय भाग सोडला तर व्हिक्टोरियात ती १०० आहे. बाकीच्या तीन जागेवर जाऊन पाहाव्या लागतात.

अंतर आणि उतार यांचा मेळ कसा बसतो ते आपल्याच जागेवर पाहू. एएस ३९५९ च्या तक्त्यात, उंच जंगल सपाट जमिनीवर किंवा घराच्या वरच्या अंगाला असेल, तर १९ मीटरच्या आत फ्लेम झोन, १९ ते २५ मध्ये बॅल-४०, २५ ते ३५ मध्ये बॅल-२९, ३५ ते ४८ मध्ये बॅल-१९ आणि तिथून १०० मीटरपर्यंत बॅल-१२.५. आपले ३० मीटर या ओळीत बॅल-२९ वर पडतात, आणि दलालाचा आकडा इथूनच आला आहे. परंतु जंगल घराच्या खालच्या अंगाला असून जमीन १० ते १५ अंशांनी उतरत असेल, तर त्याच तक्त्यात फ्लेम झोन ३९ मीटरपर्यंत पसरतो, बॅल-४० हा ४९ पर्यंत, बॅल-२९ हा ६४ पर्यंत आणि बॅल-१९ हा ८२ पर्यंत. याचे कारण आगीच्या स्वभावात आहे. आग चढावर धावते, कारण तिच्या ज्वाळा पुढच्या झाडोऱ्यावर वाकतात आणि तो पेटण्याआधीच त्याला सुकवून तापवतात. दर १० अंश चढामागे तिचा वेग साधारण दुप्पट होतो हा इथला जुना आणि अजूनही उपयोगी ठोकताळा आहे. आपली दरी म्हणजे आगीच्या दृष्टीने आपल्या दिवाणखान्याकडे येणारा जिना आहे.

इथे एक चूक नवख्या मूल्यांककाकडूनही होते. मोजायचा उतार घराच्या चौथऱ्याखालचा नसतो आणि घर ते झाडी यांमधल्या मोकळ्या जागेचाही नसतो, तो झाडोऱ्याच्या खालचा असतो, म्हणजे जिथे आग धावणार आहे तिथला. त्यामुळे कुंपणाशी उभे राहून भागत नाही. परवानगी असेल तर खाली उतरावे लागते. मी दोन माणसांनी मोजतो: सहकारी खाली ठराविक अंतरावर उभा राहतो, त्याच्या हातातल्या काठीला माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लाल फीत बांधलेली असते, आणि मी वरून क्लिनोमीटर या उताराचा कोन मोजणाऱ्या उपकरणातून ती फीत पाहतो. जंगलात डोळ्यांचा अंदाज हमखास चुकतो, कारण दरीतून उंच वाढलेल्या झाडांचे शेंडे वरच्या माणसाला जवळजवळ समपातळीत दिसतात आणि जमीन हळूच उतरत असावी असा भास होतो. अंतर मात्र आडवे मोजायचे, उतारावरून फीत टाकून नव्हे, आणि ते घराच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत. डेक किंवा व्हरांडा असेल तर त्याच्या खांबांपर्यंत. दरी पाहण्यासाठी चार मीटर पुढे काढलेला डेक म्हणजे घरच चार मीटर आगीकडे सरकवल्यासारखे आहे, हे नकाशा काढणाऱ्या वास्तुरचनाकाराला आठवण करून द्यावे लागते.

झाडोऱ्याच्या प्रकारात जंगल, विरळ वनराई, झुडुपे, गवताळ भाग असे वर्ग आहेत आणि त्यांतला भेद आकड्यात मोठा पडतो. परंतु तक्त्यात न दिसणारी गोष्ट सालीची आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रांत मला दोन प्रकारची झाडे दिसतात. दरीतली बहुतेक स्ट्रिंगीबार्क, ज्यांची साल नारळाच्या सोडणासारखी धागेदार, हाताने ओढली तर पुंजके निघणारी. अशा बुंध्यावरून आग शिडीसारखी शेंड्याला जाते आणि पेटते पुंजके जवळपास पावसासारखे पडतात. आणि आपल्याच प्लॉटच्या कोपऱ्यातले ते गुळगुळीत पांढऱ्या खोडाचे देखणे झाड बहुधा कँडलबार्क आहे. त्याच्या सालीच्या लांब पट्ट्या उन्हाळ्यात सुटतात आणि वाळून सुरळीसारख्या वळतात. त्यातली एक हातात घेऊन पाहावी: वजन नाहीच, आत पोकळ, एका टोकाला पेटली की दुसऱ्या टोकापर्यंत धुमसत राहते आणि तेवढ्या वेळात वारा तिला किलोमीटरच्या किलोमीटर नेतो. ते एक झाड म्हणून तोडावे असे मी म्हणत नाही. त्याच्या खाली काय साचते ते मात्र पाहावे.

आता आपला वाऱ्याचा मुद्दा, जो अर्धा बरोबर आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे. आग्नेय ऑस्ट्रेलियातील वाईट दिवसाचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो: दिवसभर खंडाच्या अंतर्भागातून येणारा उत्तर-वायव्येचा तापलेला कोरडा वारा, आणि दुपारनंतर किंवा संध्याकाळी समुद्राकडून येणारा नैर्ऋत्येचा थंड झोत. पहिल्या वाऱ्याने आग आग्नेयेकडे लांब, अरुंद पट्ट्यासारखी धावते. दुसरा वारा आला की तापमान उतरते, लोकांना हायसे वाटते, आणि त्याच क्षणी त्या लांब पट्ट्याची सबंध ईशान्येकडची बाजू आघाडी बनते. १० किलोमीटर लांबीची कड एकदम पुढे सरकू लागते. २००९ मध्ये मारिसव्हिल संध्याकाळी वारा फिरल्यानंतरच जळाले. किंगलेक पठाराच्या काठावर वसलेले आहे आणि त्याच्या खालच्या झाडीभरल्या कड्यावरून आग वर आली. नैर्ऋत्येला खोल जंगलाची दरी असलेला आपला प्लॉट वारा फिरल्यावर नेमका तोंडावर येतो. येथे आणखी एक सवय सोडावी लागते: दक्षिण गोलार्धात उन्हाची बाजू उत्तर आहे, त्यामुळे उत्तर आणि पश्चिमेचे उतार अधिक सुकलेले असतात आणि दक्षिणेचे दमट. दमट उतारावर झाडोरा दाट वाढतो आणि सलग दुष्काळी वर्षांत तोही वाळतो.

माझ्या कामातली एक चूक सांगतो, कारण ती आपल्याला उपयोगी पडेल. सुरुवातीच्या वर्षांत एका जागेच्या पूर्वेला शेजाऱ्याचे कुरण होते, घोडे चरत असत आणि गवत घोट्याइतकेही नव्हते. राखलेले, १० सेंटिमीटरच्या आतले गवत कमी धोक्याचे धरून वगळता येते, तसे मी ते वगळले आणि अहवालात पातळी एक पायरी खाली आली. घर बांधून झाले. दोन वर्षांनी शेजाऱ्याने घोड्यांसह जागा विकली, नवा मालक शहरात राहणारा, आणि पुढच्या डिसेंबरात तिथे कमरेइतके वाळलेले गवत उभे होते. नियमाच्या अक्षराप्रमाणे माझा अहवाल त्या दिवशीच्या स्थितीला धरून होता, आणि तरीही तो चुकीचा होता. तेव्हापासून दुसऱ्याच्या जमिनीवरचा झाडोरा मी आज आहे तसा न धरता, लक्ष न दिल्यास दहा वर्षांनी जसा होईल तसा धरतो. ओढ्याकाठी नवी रोपे लावून प्लास्टिकच्या नळ्या घातलेल्या दिसल्या तर त्यांची उंची न पाहता ती मोठी झाल्यावर काय होईल ते पाहावे. आपल्या बाबतीत दरी सरकारी आहे. तिच्यात नियंत्रित जाळ होईलही, पण कोणत्या वर्षी आणि कुठे, हे आपल्या हातात नाही.

बॅलच्या आकड्यात काय येत नाही हेही तितकेच महत्त्वाचे आहे. त्यात शेजारचे घर येत नाही. १८ जानेवारी २००३ रोजी कॅनबेरात आग शिरली तेव्हा डफी या उपनगरात जंगलाला न लागलेल्या मागच्या ओळींतलीही घरे ठिणग्यांनी आणि पेटलेल्या शेजारघरांच्या धगीने गेली. त्यात आपल्याच अंगणातल्या वस्तू येत नाहीत. २०१५ च्या नाताळच्या दिवशी ग्रेट ओशन रोडवरच्या वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीक या चढउताराच्या गावांत ११६ घरे जळाली. मनुष्यहानी झाली नाही, त्यामुळे या घटनेची चर्चा कमी होते, परंतु घर बांधणाऱ्याने अभ्यासावी अशी ती आहे. सीएसआयआरओच्या पाहणीत असे दिसले की झाडांच्या शेंड्यांतून आलेल्या भीषण आगीपेक्षा जमिनीलगत सरपटणारी आग तिथे अधिक कारणीभूत ठरली होती: उतार धरून ठेवण्यासाठी बांधलेल्या लाकडी भिंती, जिन्यांच्या पायऱ्या, घराखालच्या मोकळ्या जागेत साठवलेले सामान, यांच्यावरून ती घराघरांत चढली. आपला प्लॉट उताराचा आहे, म्हणजे धारक भिंती येणारच. त्या लाकडी ओंडक्यांच्या न करता दगडाच्या किंवा काँक्रीटच्या कराव्यात, हा सल्ला कोणत्याही तक्त्यात मिळणार नाही. घर खांबांवर उचलून खाली मोकळी जागा ठेवणेही टाळावे, कारण तिथे काही साठवणार नाही असे प्रत्येक जण म्हणतो आणि तिसऱ्या वर्षी तिथे जुने सोफे असतात.

त्यात रस्ताही येत नाही. जागा पाहायला जाताना आपण एका रस्त्याने गेलात, तेव्हा दुसऱ्या रस्त्याने परत येऊन पाहावे. दुसरा रस्ताच नसेल तर ती गोष्ट कोणत्याही भिंतीने भरून निघत नाही. ३१ डिसेंबर २०१९ रोजी मॅलाकूटा या किनाऱ्यावरच्या गावात आग आली तेव्हा बाहेर जाणारा एकमेव रस्ता बंद झाला आणि पुढच्या दिवसांत हजाराहून अधिक लोकांना नौदलाच्या जहाजाने न्यावे लागले. २००९ मध्ये उशिरा निघालेले काही जण गाडीतच मरण पावले. डँडेनाँग डोंगरातले रस्ते अरुंद, वळणांचे आणि झाडांनी झाकलेले आहेत, पडलेले एक झाड ते बंद करते. २०२२ पासून देशभर लागू असलेल्या चार पायऱ्यांच्या धोका-दर्शनात 'कॅटॅस्ट्रॉफिक' ही सर्वांत वरची पायरी आहे, आणि त्या दिवशी सकाळीच किंवा आदल्या रात्री घर सोडावे, मग ते कोणत्याही बॅलला बांधलेले असो, असा अग्निशमन संस्थांचा स्पष्ट सल्ला आहे. एएस ३९५९ मानकही आपल्या प्रस्तावनेत कबूल करते की त्याप्रमाणे बांधलेले प्रत्येक घर प्रत्येक आगीत वाचेल याची हमी नाही. तक्ते ज्या निर्देशांकावर, म्हणजे १०० वर, उभे आहेत, त्याच्या वर २००९ चा तो दिवस अनेक ठिकाणी गेला होता. म्हणून आपल्यापैकी एक जण रोज कामासाठी शहरात, आई-वडील वर्षातले सहा महिने भारतातून आलेले आणि त्यांना गाडी चालवता येत नाही, अशी परिस्थिती असेल तर तीही जोखमीचाच भाग धरावी. मला हे विचारायला संकोच वाटतो, पण मी विचारतो.

पाणी आणि प्रवेशमार्ग यांचे नियम सरळ आहेत. बीएमओमध्ये १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर केवळ आगीसाठी राखून ठेवलेले १०,००० लिटर पाणी लागते, आणि १५ टनांचे वाहन आत येऊ शकेल असा, किमान साडेतीन मीटर रुंदीचा रस्ता लागतो. आपला प्लॉट रस्त्यालगत असल्याने हे जमण्यासारखे आहे. घर पुढे आणले तर आणखी सोपे.

घराभोवती जी 'डिफेन्डेबल स्पेस', म्हणजे राखलेली मोकळी पट्टी, परवान्यात लिहिली जाते ती मात्र कायमची जबाबदारी आहे. आगीच्या हंगामात गवत तोकडे, खिडक्यांपासून तीन मीटरच्या आत १० सेंटिमीटरपेक्षा उंच झाड-झुडूप नाही, झाडांच्या सर्वांत खालच्या फांद्या जमिनीपासून दोन मीटर वर, दोन झाडांच्या पर्णसंभारांत पाच मीटरचे अंतर. ही पट्टी सहसा आपल्याच हद्दीत बसवावी लागते. सरकारी दरीत जाऊन झाडे तोडता येत नाहीत. दर नोव्हेंबरात हे काम करण्याची तयारी आणि अंगात ताकद आहे का, हा प्रश्न प्लॉट आवडण्याच्या आधी विचारलेला बरा.

वाटेत एक गोष्ट, कारण हे उत्तर आपल्या ओळखीतले इतरही वाचतील. टार्निट, मेल्टन, विंडहॅम व्हेल अशा पश्चिमेकडच्या नव्या वसाहतींच्या कडेला राहणाऱ्यांना वाटते की वणवा हा डोंगरवाल्यांचा विषय आहे. गवताळ मैदानाला तक्त्यात अंतरे लहान आहेत, सपाट जमिनीवर १९ मीटरपासून पुढे बॅल-१२.५ आणि ५० मीटरनंतर काही नाही. परंतु गवताची आग जंगलाच्या आगीपेक्षा वेगाने धावते आणि वसाहतीची शेवटची गल्ली कित्येकदा थेट अशा मैदानाला लागून असते.

आता व्यवहार. पहिली गोष्ट, विमा. प्लॉटचा पत्ता आणि घराचा अंदाजे खर्च देऊन दोन-तीन कंपन्यांकडून आधीच दर मागवावेत. घर बांधून झाल्यावर हप्ता पाहून धक्का बसलेली माणसे मी पाहिली आहेत. दुसरी, मान्यताप्राप्त मूल्यांकक. फायर प्रोटेक्शन असोसिएशन ऑस्ट्रेलिया ही संस्था 'बीपॅड' नावाने अशा तज्ज्ञांना मान्यता देते, त्यांच्यापैकी कोणाकडून तरी, विक्रेत्याने सुचवलेल्यापेक्षा वेगळ्या माणसाकडून, लेखी अहवाल घ्यावा आणि त्यात कोणता झाडोरा, किती अंतर, किती अंश उतार हे तिन्ही आकडे लिहिलेले आहेत का ते पाहावे. नुसते 'बॅल-२९' लिहिलेला कागद अहवाल नसतो. तिसरी, करार. खासगी विक्रीत व्हिक्टोरियात खरेदीदाराला तीन पूर्ण कामकाजाच्या दिवसांची माघारीची मुदत मिळते, लिलावात ती मिळत नाही. तीन दिवसांत हे सगळे होत नाही, म्हणून करारातच अट घालून घ्यावी की घर बॅल-२९ किंवा त्याखाली बांधता येईल असा अहवाल आणि बीएमओ असल्यास नियोजन-परवाना मिळाल्यावरच व्यवहार पक्का होईल. विक्रेता ही अट नाकारत असेल तर त्यातूनही काही कळतेच.

आणि आपली जागा. ती नाकारावीच असे माझे मत नाही. दरीपासून ४९ मीटरपुढे घर आणले तर त्या बाजूने बॅल-२९ मिळतो, ६४ पुढे नेले तर १९, आणि ९० मीटर खोलीच्या प्लॉटवर पहिला पर्याय सहज बसतो; अर्थात रस्त्यापलीकडच्या झाडीचे मोजमाप मी अजून पाहिलेले नाही आणि तिकडून आकडा वर गेला तर तोच ग्राह्य धरावा लागेल. फ्लेम झोनमध्ये बांधणे कायद्याने सर्वस्वी अशक्य नसते, परंतु खिडक्या, शटर, छप्पर यांचा खर्च पाहता आणि वरच्या सगळ्या कारणांनी, जिथे झाडीपासून दूर सरकायला जागा आहे तिथे ते कोणी करू नये. जागा पुन्हा पाहायला वसंतात जाऊ नका, तेव्हा सगळे हिरवे असते. फेब्रुवारीतल्या एखाद्या दुपारी जा, धोक्याची पायरी वरची नसलेल्या दिवशी. फीत, दोन खुंट्या आणि एक हातोडी न्या. मागच्या कुंपणापासून आडवे ४९ मीटर मोजून पहिली खुंटी ठोका आणि तिथे पाठीशी रस्ता ठेवून उभे राहा. तिथून बहुधा दरी दिसणार नाही, फक्त झाडांचे शेंडे दिसतील. तेवढ्यावर हा प्लॉट हवासा वाटतो का, हे तिथेच, त्या खुंटीपाशी उभे राहून ठरवा आणि मला कळवा. अहवालाचे पुढचे काम मग करू.